आरोप सिद्ध झाला नाही, म्हणजे लेकरू सुरक्षित आहे का?

नवरा-बायको वेगळे होतात, लेकराच्या ताब्याचं भांडण कोर्टात जातं आणि एक जण म्हणतो, "तिकडे मुलाशी वाईट वागतात." असं काही कानावर आलं की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "केस जिंकायला असे आरोप करतातच." दुसरी म्हणते, "आई काय उगाच बोलेल?" दोघांनीही लेकराला न बघता निकाल देऊन टाकलेला असतो. आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयालाही हाच पेच सोडवावा लागतो. तो शंभर वर्षांहून जुना आहे, म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

१९१२ साली मद्रासमध्ये नारायणय्या नावाच्या बापानं ॲनी बेझंट यांच्यावर दावा लावला. त्यांची दोन मुलं बेझंटबाईंच्या पालकत्वाखाली होती. त्यातले मोठे म्हणजे पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेले जे. कृष्णमूर्ती. थिऑसॉफिकल सोसायटीचे लेडबीटर मुलाशी गैर वागले, असा बापाचा आरोप होता. १९१३ मध्ये मद्रास हायकोर्ट म्हणालं, त्या कृत्याचा आरोप सिद्ध होत नाही. पण लेडबीटरांची मतंच अशी आहेत की मुलं त्यांच्या सहवासात नकोत. ताबा बापाला मिळाला. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं हा निकाल फिरवला. मुलं इंग्लंडमध्ये आणि खटला मद्रासला, शिवाय मुलांचं हित आणि त्यांची इच्छा कुणी नीट तपासलीच नव्हती.

याच बेझंटबाईंची स्वतःची मुलगी १८७८ मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं त्यांच्याकडून काढून घेतली होती. का? बाई नास्तिक, आणि संततिनियमनाची पुस्तिका छापलेली! आईची मतं आवडली नाहीत की तिलाच धोका ठरवायचं, असंही कोर्टांकडून झालेलं आहे.

आपल्याकडचा पालक व पाल्य कायदा १८९० चा. तो आजही लागू आहे. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते, हे त्यातच आहे. १९५६ च्या हिंदू कायद्यानं मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं पुराव्याचे कडक नियम सैल केले आणि डॉक्टर, तज्ज्ञ, समुपदेशक यांची मदत घ्यायची सोय केली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार भेटीतून मुलाला इजा होईल असं वाटलं, तर मॅजिस्ट्रेट ती भेटच नाकारू शकतो.

२००८ मध्ये कोलकात्याचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आई वारलेली, बापावर हुंडाबळीचा खटला सुरू. खालच्या दोन्ही कोर्टांनी मुलगा बापाला दिला होता. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, खटला प्रलंबित आहे ही गोष्टही विचारात घ्यावीच लागेल आणि मुलाचं म्हणणंही. मुलगा आजी-आजोबांकडेच राहिला. उलट बाजूही कोर्टानं पाहिली आहे. एका पालकाकडे राहून मूल दुसऱ्यापासून कसं तोडलं जातं, याची चर्चा २०१७ च्या एका निकालात आहे.

यातून मला कळतं ते एवढंच. फौजदारी कोर्ट विचारतं, गुन्हा निःसंशय सिद्ध झाला का? कौटुंबिक कोर्टाला विचारायचं असतं, हे लेकरू आज रात्री कुठे झोपलं तर सुरक्षित राहील? पहिल्याचं उत्तर "नाही" आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही. आणि आरोप झाला एवढ्यावरून बापाला किंवा आईला कायमचं तोडूनही चालत नाही.

मधला रस्ता आहे: कोर्टाच्या आवारात, कुणाच्या तरी देखरेखीखाली भेट. पण तो तात्पुरता असायला हवा. तारखांवर तारखा पडत गेल्या तर चार वर्षांचं पोर आठ वर्षांचं होतं. आरोप खरा असेल तर लेकरू तेवढी वर्षं भीतीत काढतं. खोटा असेल तर बाप-लेकाची ओळखच पुसली जाते. म्हणून माझं मागणं साधं आहे. असा आरोप आला की समुपदेशक आणि बालमानसतज्ज्ञ यांची तपासणी सुरुवातीलाच व्हावी. मुलाला दहा जणांनी दहादा विचारू नये. प्रशिक्षित माणसानं एकदाच, नीट विचारावं.

तुमचं मत जरूर लिहा. पण ओळखीतल्या कुठल्याही चालू प्रकरणातली नावं टाकू नका. त्या घरातलं लेकरू उद्या मोठं होऊन हे वाचेल.