महाडचा तह (१७९६) आणि ‘फ्रेंच’ बंदूक : साधनचिकित्सेचा एक प्रश्न

संग्राहकांकडील जुन्या बंदुका व संगिनी यांचा उत्तर पेशवाईच्या इतिहासाचे साधन म्हणून विचार करताना एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे ठरते. कवायत फ्रेंच असणे आणि हत्यार फ्रेंच बनावटीचे असणे या दोन भिन्न बाबी होत.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांकडे पेरॉन, तर निजामाकडे रेमंड हे फ्रेंच अधिकारी होते. उभय पक्षांकडे कवायती पलटणी होत्या. पुढील वर्षी दौलतराव शिंद्यांचे पारडे जड होताच नाना फडणीस वाईहून कोकणात उतरून महाडला आले. खर्ड्याने मिळालेले लाभ सोडण्याचे मान्य करून ऑक्टोबर १७९६ मध्ये त्यांनी निजामाशी महाडचा तह केला. कवायती पायदळाचे राजकीय वजन यावरून दिसते.

तथापि शिंद्यांच्या या पलटणी उभारणारा डी बॉयन सॅव्हॉयचा होता आणि त्याच्या काळी त्यांच्यासाठी बंदुका आग्र्याच्या कारखान्यात, सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तयार होत. याउलट, फ्रान्समधील १७७७ च्या नमुन्याच्या लष्करी बंदुकीची नळी सुमारे १७.५ मिलिमीटर व्यासाची असे. ती चकमकीवर उडे. नळीत आटे नसल्याने तिला ‘रायफल’ म्हणणेही सयुक्तिक नाही.

सारांश, महाड-पोलादपूर परिसरात असे शस्त्र आढळल्यास त्यावरील छाप, नळीचा व्यास, संगिनीची जोडणी आणि मूळ ठिकाण यांची नोंद ते संग्राहकाकडे जाण्यापूर्वीच व्हावयास हवी. या नोंदीवाचून त्यास बाजारात किंमत येईल. परंतु स्थानिक इतिहासाचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग उरणार नाही.