मोदक, मौनभंग आणि वावर

आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलांना पुस्तकी मराठी कोणी शिकवली असं विचाराल, तर मी आधी ‘चांदोबा’चं नाव घेईन, शाळेचं नंतर. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाने असं म्हणावं याचं नवल वाटेल, पण आहे ते असं आहे.

हिंगणी म्हणजे बोर धरणाजवळचं आमचं गाव. घरात शेताला वावर, बैलगाडीला बंडी आणि मुलाला पोट्टा. पुस्तकातलं शेत किंवा बैलगाडी कळायला त्रास नव्हता. वस्तू डोळ्यांसमोर होती, नाव तेवढं बदललेलं. पंचाईत व्हायची ती ‘अदृश्य’, ‘मौनभंग’ अशा शब्दांची. बोट करून दाखवायचं काय? दाते-कर्व्यांचा सात विभागांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला होता खरा, पण तो आमच्यासारख्यांच्या घरी कुठला!

नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये मासिक सुरू केलं. त्याचा मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली आला. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट दरवेळी नवी, पण चौकट तीच. राजा बोलला की मौनभंग, आणि वेताळ अदृश्य! पहिल्या अंकात शब्द अडायचा, दुसऱ्यात अंदाज यायचा, तिसऱ्यात खात्री व्हायची. पुढे तर वर्गात कोणी मध्येच बोललं की आम्ही पोट्टे “मौनभंग!” म्हणून ओरडत असू.

पुढे शिकवायला लागल्यावर यातली आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शहरातल्या घराचं वर्णन धड्यात आलं की खेड्यातलं मूल मागे पडतं. वेताळ मात्र पुण्याच्या मुलानेही पाहिलेला नसतो आणि हिंगणीच्याही नाही. अद्भुत गोष्टीत सगळे सारखेच अडाणी असतात, म्हणून अर्थ विचारायची लाज वाटत नाही.

ही लाज फार जुनी आहे बरं का! वेताळाच्या गोष्टी ज्या ‘कथासरित्सागरा’त आहेत, तो ग्रंथ काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात लिहिला. त्याच्या आरंभीच आपल्या पैठणच्या सातवाहन राजाची कथा येते. जलक्रीडेत राणी म्हणाली, पाणी उडवू नका. संस्कृतात ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी झाला ‘मोदकैः’. राजाने मोदक मागवले! राणी हसली, आणि राजा अंथरूण धरून बसला. एका शब्दापायी!

गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. पैज लागली, शर्ववर्म्याने ती जिंकली, आणि गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. मग त्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. राजाने ती भाषा ऐकूनच नाक मुरडलं. तेव्हा गुणाढ्य रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. राजा धावत आला तोवर एक लाख श्लोकच उरले होते. ही झाली दंतकथा. पण मूळ बृहत्कथा आज खरोखरच उपलब्ध नाही. जी आहे ती इतरांनी केलेल्या रूपांतरांतून.

मंडळी, ज्याला शब्दाच्या लाजेचा चटका बसला होता, त्यानेच दुसऱ्याच्या भाषेला हिणवलं, हे मला फार लागतं. कारण वर्गावर्गातून हे चालत आलं आहे. ‘वावर’ लिहिलं की खाली लाल रेघ!

आता चांदोबा निघत नाही. नातवंडांच्या हाती हॅरी पॉटर आहे. १९९७ मध्ये निघालेल्या त्या पहिल्या इंग्रजी पुस्तकाचं मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. बघा, ‘फिलॉसॉफर्स स्टोन’साठी नवा शब्द घडवावा लागला नाही. लोखंडाचं सोनं करणारा परीस आपल्या घरात होताच.

तेव्हा मुलांना असली पुस्तकं मन भरेस्तोवर वाचू द्या. शब्द अडला तर लगेच अर्थ सांगू नका, चार पानं पुढे जाऊ द्या. आणि परीस, अदृश्य असे शब्द कमावून आलेलं पोर उद्या ‘आजोबांच्या वावरात’ असं लिहील, तेव्हा तो शब्द खोडू नका.