शिक्का खरा, नाव खोटे

शिरवळला नीरेच्या काठी सुभानमंगळ नावाचा भुईकोट होता. आज त्याचे फारसे काही शिल्लक नाही. २०१९ च्या जानेवारीत तेथे शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही गेलो होतो, तेव्हा संध्याकाळी काही शिक्षकांबरोबर तिकडे चक्कर मारली. कोटाला दरवाजा असतो, दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांची देवडी असते आणि कोणाला आत घ्यायचे हे देवडीवरचा माणूस ठरवतो. दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानात आम्ही हीच उपमा वापरली. संगणकात किंवा फोनमध्ये बाहेरचा कार्यक्रम आत घेऊन त्याची मांडामांड करून देणारा एक खास कार्यक्रम असतो. त्याला इन्स्टॉलर म्हणतात. इन्स्टॉलर म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. तो आलेल्या कार्यक्रमावरचा शिक्का तपासतो, मग आपल्याला विचारतो आणि आपण हो म्हटले की दार उघडतो. "तेव्हा हो म्हणण्यापूर्वी कार्यक्रम कोणी बनवला आहे ते नाव वाचा. नाव ओळखीचे असेल आणि विश्वासाची खूण असेल तर काळजी नको," असे आम्ही सांगितले. शिक्षकांनी ते वहीत उतरवून घेतले.

हा सल्ला अपुरा होता. तो का अपुरा होता हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शिवकालीन पत्रांत मजकुराच्या आरंभी मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे. मुद्रेवरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाचे काम वेगळे होते. मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही वाढवलेले असेल तर ते आमचे नव्हे, असे ते सांगत असे. 'शिक्कामोर्तब करणे' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो, पण त्यात दोन निरनिराळ्या खात्र्या आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. लिहिणारा कोण याची एक आणि लिहिलेले बदललेले नाही याची दुसरी.

दुसरी खात्री नसली तर काय होते त्याची आठवण भाषेनेच जपून ठेवली आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यांना 'धरावे' असा हुकूम होता, त्यात 'ध' चा 'मा' करून 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून ती कितपत खरी यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण एका अक्षराच्या फेरफाराने हुकूम उलटू शकतो, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

पहिल्या खात्रीची गोष्ट साताऱ्याचीच आहे. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून दूर करून काशीला पाठवले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी त्यांनी गुप्त पत्रव्यवहार केला, हा त्यांच्यावरील आरोपांपैकी एक होता. पुरावा बनावट आहे, असे त्यांच्या बाजूचे लोक शेवटपर्यंत सांगत राहिले. रंगो बापूजी हेच सांगण्यासाठी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीलाच वारले. राजकारण बाजूला ठेवून केवळ विज्ञानाच्या नजरेने पाहिले, तर त्या काळी एखादा कागद खरा की बनावट हे दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा रीतीने ठरवण्याचे साधनच नव्हते. ज्याच्या हाती सत्ता, त्याचा निकाल.

असे साधन गणिताने दिले, पण त्याला १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक कल्पना मांडली. कुलपाला दोन किल्ल्या असाव्यात, एक आपल्याजवळ गुप्त ठेवावी आणि दुसरी चौकात टांगावी. गुप्त किल्लीने उठवलेला शिक्का चौकातल्या किल्लीने कोणालाही तपासता येईल, पण तिने तसा शिक्का उठवता मात्र येणार नाही. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी मोठ्या मूळसंख्यांच्या गुणाकारावर आधारलेली एक पद्धत शोधून ही कल्पना प्रत्यक्षात आणली. दोन मूळसंख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधून काढणे अतिशय कठीण, एवढ्या एका गोष्टीवर हा सारा डोलारा उभा आहे.

मोर्तबाचे काम कसे साधते हे वर्गात करून दाखवता येईल. क ला १, ख ला २ असे क्रमाने अंक द्या. काना-मात्रा सध्या सोडून द्या. ध ला १९ येतील, म ला २५, र ला २७ आणि व ला २९. आता 'धरावे' ची बेरीज ७५ होते आणि 'मारावे' ची ८१. पत्राबरोबर ७५ हा आकडा पाठवला असता तर लबाडी तिथल्या तिथे उघडी पडली असती. एखादा हुशार विद्यार्थी लगेच म्हणेल की अक्षरांची उलटापालट केली तर बेरीज तीच राहते. बरोबर आहे. मग प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणावे. ध, र, व या क्रमाने १६० येतात आणि व, र, ध या क्रमाने १४०. संगणकात याहून पुष्कळ गुंतागुंतीची रीत वापरतात, पण तत्त्व हेच. आलेल्या आकड्यावर गुप्त किल्लीने शिक्का उठवायचा, की झाली अंकीय सही. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला आणि अशा सहीला कायद्याची मान्यता मिळाली.

तेव्हापासून आजवर हे गणित कोणी मोडले म्हणून देवडी पडली असे क्वचितच झाले आहे. देवडी पडली ती बहुतेक वेळा गणिताच्या शेजारच्या जागेतून.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून येणाऱ्या कार्यक्रमांवर अशा सह्या तपासण्याची पद्धत सुरू केली. सही करणारा खरोखर कोण आहे याचा दाखला एका तिसऱ्या संस्थेने द्यायचा, अशी व्यवस्था होती. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला. १७७६ मध्ये त्याने कोकणात बंड केले, किल्ले घेतले आणि शेवटी पुण्यात त्याला देहदंड झाला. त्याच्याभोवती लोक जमले, कारण 'हेच भाऊसाहेब' असा दाखला देणारे लोक त्याला मिळाले. २००१ च्या जानेवारीत नेमके असेच घडले. आपण मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी आहोत, अशी बतावणी करून कोणीतरी व्हेरिसाइन या दाखले देणाऱ्या संस्थेकडून 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' या नावाचे दोन दाखले मिळवले. गणित चोख होते, किल्ल्याही खऱ्या होत्या. चूक दाखला देणाऱ्या माणसांची होती. मार्चमध्ये हा प्रकार जाहीर झाला आणि ते दाखले रद्दबातल ठरवण्यासाठी धावपळ करावी लागली.

२०१३ मधली गोष्ट अधिक गमतीची आहे. अँड्रॉइड फोनवर येणारा कार्यक्रम म्हणजे अनेक कागदांचे एक पुडके असते. पुडके तपासणारा भाग आणि ते फोनमध्ये मांडणारा भाग वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले होते. एकाच नावाचे दोन कागद पुडक्यात असले तर काय करायचे, याविषयी त्या दोघांचे बोलणेच झालेले नव्हते. तपासणारा एक कागद पाही, मांडणारा दुसरा उचली. म्हणजे तहसीलदाराने एक प्रत वाचून सही करावी आणि तलाठ्याने दुसऱ्याच प्रतीवरून सातबारा फिरवावा, तसे. ब्लूबॉक्स या संस्थेने जुलै २०१३ मध्ये हे जाहीर केले, तेव्हा हा दोष चार वर्षांपासून फोनमध्ये असल्याचे दिसून आले. त्याच महिन्यात चीनमध्ये डॉक्टरांची भेटीची वेळ ठरवून देणाऱ्या कार्यक्रमांत याच वाटेने लबाडी घुसवलेली सापडली.

आता आमच्या सल्ल्याकडे येऊ. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सोफोस या संगणक-सुरक्षेचेच काम करणाऱ्या कंपनीतल्या लोकांना एक पत्र आले. पाठवणारा स्वतःला कंपनीचा वरिष्ठ म्हणवत होता. एका ग्राहकाची तक्रार आली आहे, तुम्ही मला का कळवले नाही, असा दरडावणीचा सूर होता. सोबत तक्रारीची प्रत पाहण्यासाठी दुवा. खोट्या पत्राचा असा गळ टाकण्याला फिशिंग म्हणतात. साहेब रागावलेले आहेत म्हटल्यावर माणूस आधी घाबरतो आणि विचार मागून करतो, एवढे गळ टाकणाऱ्याला पुरते. दुव्यावर प्रत पाहण्याचे बटण होते आणि ते दाबले की विंडोजचा स्वतःचा 'ॲप इन्स्टॉलर' उघडत असे. ही वाट अशी होती की फाइल आधी उतरवून घेताना ब्राउझर जे इशारे देतो, ते वाटेत लागतच नसत.

इन्स्टॉलरच्या खिडकीत काय दिसे? ॲडोबी या प्रसिद्ध कंपनीचे नाव आणि विश्वासू कार्यक्रम असल्याची खूण. महिनाअखेरीस इमोटेट या कुख्यात टोळीनेही हीच युक्ती उचलली. तिची यंत्रणा युरोपातील पोलिसांनी त्याच वर्षी जानेवारीत मोडून काढली होती, ती नोव्हेंबरात पुन्हा उभी राहिली होती. ही टोळी चोरलेल्या खऱ्या पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून आपले पत्र धाडी. त्यामुळे ते ओळखीच्या माणसाकडून, आधीच्याच बोलण्याच्या ओघात आल्यासारखे वाटे.

मग ॲडोबीची सही बनावट होती का? नाही. पुडक्यावर सही होती आणि ती गणिताने तंतोतंत बरोबर होती, फक्त ती ॲडोबीची नव्हती. पुडक्यात एक माहितीपत्रक असते आणि त्यात बनवणाऱ्याच्या दर्शनी नावासाठी रकाना असतो. त्या रकान्यात बनवणारा वाटेल ते लिहू शकतो. सोफोसने तपासलेल्या पुडक्यावरची सही इंग्लंडमधल्या एका भलत्याच कंपनीच्या दाखल्याने केलेली होती. इन्स्टॉलरने सही तपासली, ती बरोबर निघाली म्हणून विश्वासाची खूण लावली आणि तिच्या शेजारी दर्शनी नाव छापले. पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच वाक्य वाटे, 'हे ॲडोबीचे असल्याची आम्ही खात्री केली आहे'. असे वाक्य कोणी म्हटलेच नव्हते. त्या खुणेवर टिचकी मारून आत गेले तर दाखल्यावरचे खरे नाव दिसे. पण किती जण आत जातात? आम्ही स्वतः तरी कधी गेलो नव्हतो.

मायक्रोसॉफ्टने १४ डिसेंबर २०२१ रोजी दुरुस्ती दिली आणि २०२२ च्या आरंभी दुव्यावरून थेट इन्स्टॉलर उघडण्याची ती वाट बंद केली. नंतर वाट पुन्हा उघडली गेली. टोळ्याही पुन्हा आल्या, या वेळी खोट्या जाहिराती आणि कार्यालयीन निरोपांमधून. २८ डिसेंबर २०२३ रोजी कंपनीने ती वाट मुळातूनच बंद ठेवल्याचे जाहीर केले. ज्या सोयीमुळे एकदा घर लुटले गेले ती सोय दोन वर्षांत परत का आणावी, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

२०२४ च्या लग्नसराईत शिरवळच्या त्या शिबिरातल्या एका बाईंचा आम्हांला फोन आला. त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका आली, वर गणपतीचे चित्र होते. ती पत्रिका म्हणजे अँड्रॉइडचा कार्यक्रम होता. फोनने हा कार्यक्रम अनोळखी जागेहून आला आहे असे विचारले. त्यांनी हो म्हटले, कारण पत्रिका पाठवणारा अनोळखी नव्हता. मग कार्यक्रमाने लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागितली, तीही दिली. बँकेचे ओटीपी लघुसंदेशातच येतात. निवृत्तिवेतनाच्या खात्यातले बावन्न हजार रुपये दोन दिवसांत गेले. १९३० या क्रमांकावर तक्रार करायला तिसरा दिवस उजाडला. बँकेत गेल्या तेव्हा "परवानगी तुम्हीच दिलीत ना?" असे उत्तर मिळाले. पैसे गेल्याहून ते उत्तर त्यांना अधिक लागले होते.

"सर, तुम्ही नाव वाचायला सांगितले होते. मी शोधले हो. नाव कुठे लिहिलेलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर सही नव्हती का?"

होती. सहीशिवाय अँड्रॉइड कार्यक्रम आत घेतच नाही. पण तेथे ही सही बनवणारा स्वतःच करतो आणि स्वतःच्या दाखल्यानेच करतो. नवा कार्यक्रम जुन्याची जागा घ्यायला आला तर दोघांचा बनवणारा एकच आहे, एवढेच ती सांगते. तो कोण हे सांगणे तिचे कामच नाही. हे आम्हांला २०१९ मध्ये माहीत होते आणि व्याख्यानात वेळ नव्हता म्हणून आम्ही ते गाळले होते. बाईंना आम्ही तसे सांगितले.

पुढच्या शिबिराच्या टिपणातून 'नाव ओळखीचे असेल तर काळजी नको' हे वाक्य आम्ही खोडले आहे. त्या जागी काय लिहावे याचा मसुदा बाईंकडे पाठवला होता. त्यांनी तो पानभर लाल शाईने तपासून परत केला. दारात येऊन जो आपले नाव सांगतो त्याला देवडीवर ठेवून आपण त्याच्या घरी माणूस पाठवावा, म्हणजे पत्रिका पाठवणाऱ्याला आधी फोन लावावा, असे त्यांनी समासात लिहिले आहे. लग्न खरे होते का, असे आम्ही त्यांना विचारले. होते म्हणे. मुलीचे लग्न ठरलेल्या तिथीला झाले, बाई जाऊनही आल्या. पत्रिका मात्र त्या घरून कोणालाच गेलेली नव्हती. यजमानांचा फोन त्यांच्याआधी चार दिवस असाच लुटला गेला होता.