गावानं रेडिओला प्रश्न विचारले तेव्हा : पुणे आकाशवाणीचा १९५६ चा प्रयोग

मराठी रेडिओचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते 'गीतरामायण'चं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमांची ५६ गीतं, संगीत सुधीर फडके यांचं. हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याच केंद्रावरून पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांसाठी एक मोठा प्रयोग झाला. तो मात्र आपण विसरून गेलो.

काय होता प्रयोग?

१९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पुणे केंद्राच्या परिसरातली पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं श्रोता मंडळ केलं. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे एकूण २० खास कार्यक्रम झाले. मंडळी ठरल्या वेळी रेडिओपुढं बसायची. कार्यक्रम संपला की उठून जायचं नाही. ऐकलेल्यावर चर्चा करायची, आपल्या गावात यातलं काय जमेल ते ठरवायचं. एकजण ते लिहून घ्यायचा आणि अडलेले प्रश्न केंद्राला कळवायचा. त्यांची उत्तरं पुढं रेडिओवरूनच मिळायची. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, तोही यात बरोबरीनं बोलू शकत होता.

ही कल्पना कॅनडातली. तिथं १९४१ पासून शेतकऱ्यांचे असे रेडिओ गट चालत होते. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असा त्याचा मंत्र.

निकाल काय लागला?

टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याची पाहणी केली. मंडळ असलेली गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओच नाही अशी गावं, अशी तुलना झाली. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानानं फारच थोडी. म्हणजे खरा फरक पडला तो ऐकल्यावर एकत्र बसून बोलण्यानं.

१९५९ पासून ही योजना देशभर नेली. पुढं ट्रान्झिस्टर आला. सामायिक रेडिओ सुटून ज्याचा त्याचा रेडिओ झाला. गोठ्यात, बांधावर, मोटारीशेजारी ऐकण्याची सोय झाली, पण एकत्र बसणं कमी झालं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्यावरच्या 'आमची माती आमची माणसं'नं शेतीची माहिती डोळ्यांनी दाखवली.

आज काय आहे?

२००४ पासून किसान कॉल सेंटर सुरू आहे. १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर शेतकऱ्याला मराठीतून प्रश्न विचारता येतो. २००६ च्या धोरणानं सामाजिक संस्थांना स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र काढायची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ साली 'माणदेशी तरंग वाहिनी' उभी राहिली. ९०.४ एफएमवर तिथं गावचीच माणसं बोलतात.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. फवारणीचा व्हिडिओ येतो, आपण एकटेच बघतो, पुढं पाठवतो. तो खरा की खोटा, आपल्या जमिनीला चालेल का, हे कुणाला विचारत नाही. चुकीचं औषध मारलं तर नुकसान मात्र आपलंच.

१९५६ मध्ये १५० गावांत जे झालं, त्याला आज रेडिओही लागणार नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, पारावर किंवा सोसायटीच्या ओट्यावर दहा-वीस जण, एक व्हिडिओ आणि त्यावर अर्धा तास बोलणं. अडलं तर वरचा क्रमांक आहेच.