बुद्धी आणि बळ : यंत्राच्या एका खेळीचा इतिहास

'बुद्धिबळ' या शब्दात बुद्धी आणि बळ गुण्यागोविंदाने नांदतात. यंत्राला हा खेळ शिकवण्याचा इतिहास मात्र या दोन पदांच्या भांडणाचा इतिहास आहे. १९५० साली क्लॉड शॅनन यांनी आपल्या निबंधात दोन मार्ग सांगितले : ठरावीक खोलीपर्यंत प्रत्येक शक्य खेळी तपासणे, किंवा बहुतेक खेळ्या वगळून निवडक खेळ्यांचाच खोलवर विचार करणे. शॅनन यांचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता. परंतु कोणती खेळी वगळण्याजोगी, हे ठरवण्याचा विवेक नियमांत बांधता येईना. हिशेबाचा वेग मात्र वाढत राहिला. १९७३ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील स्लेट आणि अ‍ॅटकिन यांनी निवडीचा मार्ग सोडून संपूर्ण तपासणी स्वीकारली आणि बळाचे युग सुरू झाले.

या बळाची मर्यादा दाखवणारी एक स्थिती रॉजर पेनरोज यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात चर्चिली आहे. काळ्याकडे दोन हत्ती आणि एक उंट. पांढऱ्याकडे केवळ प्यादी. पण त्या प्याद्यांची अभेद्य भिंत उभी आहे. राजा भिंतीआड फिरवत राहिला की डाव बरोबरीत सुटतो, हे नवख्यालाही उमगते. 'डीप थॉट' या त्या काळच्या बलाढ्य यंत्राने मात्र समोर आलेला हत्ती प्याद्याने मारला, भिंत आपल्याच हाताने फोडली आणि डाव गमावला. भिंतीचे मोल कळायला जितक्या खेळ्या पुढचे पाहावे लागले असते, तितके त्याला दिसत नव्हते. हत्तीचे मोल तत्काळ दिसत होते.

म्हणूनच मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या सामन्यातील दुसऱ्या डावात जे घडले, त्याने गॅरी कास्पारॉव्ह हादरले. 'डीप ब्लू'ला वजीर घुसवून प्यादी जिंकण्याची संधी होती. आधीच्या यंत्रांच्या स्वभावाप्रमाणे ही लालूच सुटणे अवघड. यंत्राने मात्र छत्तिसाव्या खेळीत प्याद्यांची मारामारी केली आणि पुढच्या खेळीत उंट मधोमध आणून प्रतिपक्षाचा प्रतिहल्ला उगवण्याआधीच खुडला. कास्पारॉव्ह यांना त्यात माणसाच्या हाताचा संशय आला. वस्तुतः सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या त्या यंत्राला वजिराच्या स्वारीत पुढे धोका दिसला, आणि अधिक वेळ घेऊन त्याने दुसरी खेळी निवडली. खोली पुरेशी वाढली, की बळही बुद्धीसारखे दिसू लागते.

खरी शोकांतिका पुढेच आहे. पंचेचाळिसाव्या खेळीनंतर कास्पारॉव्ह यांनी हार मानली. त्या स्थितीत सततच्या शहाने बरोबरी साधण्याची वाट होती, हे नंतर विश्लेषकांनी दाखवले. यंत्राने ही वाट मोकळी ठेवली असेल, हे त्यांना शक्य वाटले नाही. म्हणजे यंत्राच्या ताकदीइतकाच त्या ताकदीविषयीचा विश्वास त्यांना भोवला. सामना त्यांनी साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी गमावला.

शॅनन यांचा दुसरा मार्ग परतला तो डिसेंबर २०१७ मध्ये. 'अल्फाझिरो'ला केवळ नियम देण्यात आले. बाकीचे ते स्वतःशी खेळून शिकले. सेकंदाला सुमारे ऐंशी हजार स्थिती पाहणाऱ्या या यंत्राने, सात कोटी स्थिती पाहणाऱ्या 'स्टॉकफिश'विरुद्ध शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही. 'स्टॉकफिश'नेही २०२० मध्ये स्थितीचे मोल ठरवण्यासाठी शिकलेले जाळे स्वीकारले; शोध जुना, पारख नवी.

भांडण असे समेटात संपले. परंतु पटावर केवळ खेळी दिसते, तिच्यामागची वाट दिसत नाही. यंत्राच्या उत्तरापुढे मान तुकवण्यापूर्वी आपण स्वतः पट पुन्हा एकदा पाहिला का, हा १९९७ चा प्रश्न आजही शिल्लक आहे आणि आता तो पटापुरता राहिलेला नाही.