धुळे : पांझराकाठ

खानदेशाला समुद्र नाही. इथला व्यापार नदीच्या काठी आणि रस्त्याच्या नाक्यावर वाढला; धुळ्याला ही दोन्ही मिळाली. जुने शहर पांझरेच्या दक्षिण तीरावर, पलीकडे देवपूर आणि एकवीरादेवीचे मंदिर. चैत्रात देवीची यात्रा भरते.

१८०३ च्या होळकरी धामधुमीत व दुष्काळात गाव ओस पडले. विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने खानदेशाचे मुख्य ठाणे येथे आणले, लांबलांबून कारागीर बोलावले आणि पेठ सरळ रेषेत आखली. ती आखणी धुळेकरांच्या पत्त्यात अजून जिवंत आहे : गल्लीला नाव नसते, नंबर असतो. ‘चौथ्या गल्लीत राहतो’ एवढे सांगितले की घर सापडते. १८७२ च्या पुराने शहराचे मोठे नुकसान केले.

पांझरेचे खरे वैभव तिच्या बंधाऱ्यांत आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने उताराउताराने वाहत जाते आणि त्याखालची जमीन मोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, वाटलेली असते. एका फडात एका हंगामाला सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळणार. पाणी कमी पडले तर तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा. शेकडो वर्षे चाललेल्या या शहाणपणाची नोंद किल्ल्यांच्या नोंदीआधी व्हायला हवी.

शहरात दोन ठिकाणे चुकवू नयेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले व त्यांची दप्तरे तेथे जपली गेली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावच्या मठांतून जमवलेली रामदासी बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. जुन्या कागदाला हात लावताना आपोआप आवाज खाली येतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली.

दक्षिणेला आग्रा रोडवर फारुकी राजांचा लळिंग किल्ला आहे. पायथ्याच्या लांडोर बंगल्यात डॉ. आंबेडकर १९३७ मध्ये थांबले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे लोक जमतात.

उत्तरेकडे मुडावदला, कपिलेश्वर मंदिरापाशी, पांझरा तापीला मिळते. तेथून पाणी सुरतेच्या वाटेला लागते.