पंख्याची दोरी कोणाच्या हाती? : उष्णता, आवाज आणि लॅपटॉपमधील पंख्याच्या नियंत्रणाचा इतिहास
(राळेगावच्या उन्हाळ्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. कापूस हे येथील प्रमुख पीक असून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, बाजार, तहसील कार्यालय आणि शाळा-महाविद्यालये यांच्याभोवती गावाचे व्यवहार फिरतात. एप्रिलच्या मध्यास येथील पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात तो ४३-४४ अंशांवर गेला तरी त्याची कोणी बातमी करीत नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परीक्षांनाही 'उन्हाळी' आणि 'हिवाळी' अशी ऋतूंचीच नावे आहेत. अंतर्गत गुण भरणे, अहवाल तयार करणे, निकालपत्रके तपासणे ही प्राध्यापकांची बैठी कामे नेमकी उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत साचतात आणि आता ती बहुतांशी संगणकावर होतात.

लॅपटॉपसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात यंत्र कोणत्या तापमानाच्या परिसरात वापरावे हे नमूद केलेले असते. ॲपलसह अनेक प्रमुख उत्पादकांच्या बाबतीत ही कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. याचा सरळ अर्थ असा की, विदर्भातील वर्षाचे किमान दोन महिने भर दुपारी, थंडाव्याची सोय नसलेल्या खोलीत वापरला जाणारा लॅपटॉप उत्पादकाने गृहीत धरलेल्या जगाबाहेर काम करीत असतो. अशा वेळी यंत्रातील पंखा मोठ्याने घोंघावू लागतो. तो आवाज कमी करण्यासाठी किंवा उलट पंखा आणखी वेगाने फिरविण्यासाठी सॉफ्टवेअरचा आधार घेतला जातो. वरवर पाहता हा तंत्रज्ञांचा विषय वाटतो. परंतु पंखा किती वेगाने फिरावा, हे कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी ठरवायचे, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

दोरीचा पंखा

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ब्रिटिशांकडे आला. उन्हाळ्यात साहेब लोक चिखलदऱ्याच्या थंड हवेचा आश्रय घेत. परंतु कचेऱ्या पठारावरच होत्या. तेथे दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडले जाई आणि छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढला जाई. उत्तर व मध्य हिंदुस्थानातील बहुतेक सरकारी इमारतींत हीच व्यवस्था होती. दोरी भिंतीतील छिद्रातून बाहेर काढलेली असे आणि पंखेवाला व्हरांड्यात बसे. वारा आत, माणूस बाहेर. गती मंदावली की आतून हाक येई. रात्री पंखेवाल्याचा डोळा लागला तर हाकेवर भागत नसे. मारहाणीत पंखेवाले मरण पावल्याच्या घटना वसाहतकालीन न्यायालयांपुढे आल्या आणि मृताची प्लीहा आधीच वाढलेली होती, या वैद्यकीय युक्तिवादावर आरोपी युरोपियन किरकोळ शिक्षेवर सुटल्याचीही उदाहरणे आहेत. ज्याला उकाडा जाणवतो तो गती ठरवितो आणि जो दोरी ओढतो त्याला स्वतःच्या उकाड्याबद्दल बोलण्याची मुभा नाही, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

विजेच्या पंख्याने ही दोरी संपविली. १८८० च्या दशकात अमेरिकेत असे पंखे तयार झाले आणि विसाव्या शतकात ते भारतीय शहरांत रुळले. पंख्याबरोबर भिंतीवर रेग्युलेटर आला आणि गतीचा निर्णय प्रथमच पंख्याखाली बसणाऱ्याच्या बोटांवर आला. जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर प्रत्यक्षात विजेच्या मार्गातील एक रोध होता. पंखा हळू केला की वाचलेल्या विजेचा मोठा भाग त्या डब्यातच उष्णतेच्या रूपाने वाया जाई. हा तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

यंत्रासाठी खोली

महाराष्ट्रातील संगणकाच्या इतिहासाचा आरंभ मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. तेथे १९५० च्या दशकात उभारण्यात आलेला आणि १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक सुमारे २,७०० निर्वात नलिकांवर चालत असे. प्रत्येक नलिकेतील तार तापल्याशिवाय ती काम करीत नाही. म्हणजे उष्णता ही या यंत्राच्या कार्याची पूर्वअट होती. पुढे नलिकांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, तरी मोठ्या संगणकासाठी वातानुकूलित खोली हा नियम अनेक दशके टिकला. यंत्राच्या उष्णतेची जबाबदारी इमारतीवर होती, आणि आवाजाची तक्रार करण्यास त्या खोलीत फारसे कोणी बसत नसे.

वैयक्तिक संगणकाने ही खोली काढून घेतली; मात्र आरंभी त्यातून फारशी अडचण उद्भवली नाही, कारण १९८० च्या दशकातील प्रोसेसर दोन-तीन वॅटपेक्षा फारशी अधिक वीज घेत नसत. १९९३ मध्ये आलेल्या पहिल्या पेंटियमने मात्र ही मजल पंधरा वॅटपर्यंत नेली. टेबलावरच्या संगणकात त्यासाठी प्रोसेसरवर धातूचा तुकडा आणि छोटा पंखा बसविता आला. लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नव्हती. तेथे उपयोगी पडली ती 'हीट पाइप' ही नळी. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये तिचा विकास केला होता. बंद नळीतील थोडे द्रव उष्ण टोकाला वाफ होते आणि थंड टोकाला पुन्हा द्रव होऊन परतते. लॅपटॉपच्या कडेला या नळीचे थंड टोक कंगव्यासारख्या पातळ पत्र्यांना जोडलेले असते आणि एक चपटा पंखा त्या पत्र्यांमधून हवा ढकलतो. पंखा आता माणसापासून हातभर अंतरावर आला आणि त्याच्या आवाजाचा प्रश्नही येथेच निर्माण झाला.

आज्ञावलीच्या हाती

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी 'एसीपीआय' हे मानक प्रसिद्ध केले. त्यात यंत्र थंड करण्याचे दोन मार्ग सांगितले होते. सक्रिय मार्गात पंखा चालू करावयाचा किंवा त्याची गती वाढवावयाची. निष्क्रिय मार्गात प्रोसेसरलाच मंद करावयाचे. पहिल्यात आवाज आणि दुसऱ्यात वेळ ही किंमत पडते. दोन्ही उपाय थकले तर यंत्र बंद करण्यासाठी एक अंतिम तापमानही ठरविलेले असते. कोणता मार्ग आधी अवलंबावयाचा हे कार्यप्रणालीला ठरविता येईल, ही या मानकातील खरी नवी गोष्ट होती. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'सिस्टीम कूलिंग पॉलिसी' या नावाने हाच पर्याय वापरणाऱ्यापुढे आला. मात्र तो इतक्या आत दडलेला आहे की बहुसंख्य वापरणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो.

निष्क्रिय मार्ग किती परिणामकारक असू शकतो याचे उदाहरण जानेवारी २००० मध्ये मिळाले. लॅपटॉपसाठीच्या ६५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-३ मध्ये इंटेलने 'स्पीडस्टेप' हे तंत्र आणले. बॅटरीवर असताना तो प्रोसेसर ५०० मेगाहर्ट्झवर उतरे आणि त्याचा विद्युतदाब १.६ वरून १.३५ व्होल्ट होई. प्रोसेसरची उष्णता ढोबळमानाने विद्युतदाबाचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकारानुसार बदलते. त्या हिशेबाने वेगात सुमारे चतुर्थांश घट सोसून उष्णता जवळजवळ ४५ टक्क्यांनी कमी होत होती.

पंख्याचे गणित याहून कठोर आहे. गती दुप्पट केली तर हवा दुप्पट मिळते. परंतु पंख्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. याउलट गती एक तृतीयांशाने कमी केली तर हवा तेवढ्याच प्रमाणात घटते आणि आवाज मात्र जवळपास ९ डेसिबलने उतरतो. शांततेचा लाभ लगेच कानाला कळतो, वाढलेल्या उष्णतेची हानी मात्र कळत नाही. हौशी तंत्रज्ञांना पंख्याची गती आपल्या हाती घ्यावीशी वाटली, त्याचे मूळ या विषमतेत आहे. संगणकातील पंख्याची गती बदलताना वीज अतिजलद चालू-बंद करण्याची पद्धत रूढ झाल्याने जुन्या रेग्युलेटरसारखा अपव्ययही होत नव्हता.

उत्पादकांनी हे नियंत्रण 'एम्बेडेड कंट्रोलर' या छोट्या, स्वतंत्र चिपकडे सोपविले होते आणि तिचा आराखडा सहसा प्रकट केला जात नसे. इटलीतील आल्फ्रेडो मिलानी कोंपारेत्ती यांचे 'स्पीडफॅन', डेलच्या इन्स्पिरॉन यंत्रांसाठी मास्सिमो दाल झोत्तो यांनी २००१ च्या सुमारास लिहिलेली लिनक्सवरील आज्ञावली, आणि थिंकपॅडसाठी बोरिस्लाव देयानोव यांनी आरंभिलेली व पुढे एन्रीके दि मोराइस होल्शू यांनी सांभाळलेली आज्ञावली ही या प्रयत्नांची ठळक उदाहरणे होत.

यांपैकी थिंकपॅडची आज्ञावली इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. तिच्यात पंख्याला शून्य ते सात अशा पायऱ्या देता येतात. परंतु ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. ज्याला ती हवी त्याने समजून-उमजून चालू करावयाची. शिवाय तिला एक राखणदार जोडता येतो. ठरविलेल्या अवधीत, जो जास्तीत जास्त १२० सेकंदांचा असतो, नवी सूचना आली नाही तर नियंत्रण करणारा कार्यक्रम बंद पडला असे समजून पंखा पुन्हा सुरक्षित स्थितीत नेला जातो. पंखेवाल्याला डुलकी लागली आहे काय, हे पाहणारा हा नवा पहारेकरी म्हणता येईल. फरक इतकाच की तो कोणाला मारीत नाही. मॅकसाठी हेंड्रिक होल्टमान यांनी केलेल्या 'एसएमसी फॅन कंट्रोल'मध्ये पंख्याची किमान गती वाढविता येते; उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेखाली ती नेता येत नाही. मोकळीक दिली, पण एकाच दिशेने.

नंतरच्या काळात दोरी पुन्हा उत्पादकाच्या हाती गेल्याचे दिसते. 'शांत', 'संतुलित', 'वेगवान' अशा तयार अवस्थांपैकी एक निवडण्यापुरते वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य अनेक यंत्रांत उरले. डिसेंबर २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' ही सुरक्षेतील त्रुटी उघड झाल्यावर विद्युतदाब कमी करून उष्णता घटविण्याचा मार्गही पुष्कळ लॅपटॉपांत बंद करण्यात आला. २०२० च्या अखेरीस ॲपलने एम१ चिपचा जो मॅकबुक एअर आणला त्यात तर पंखाच नव्हता; तो तापला की मंद होतो, एवढेच.

राळेगावचा मे

कोणतीही आज्ञावली पंख्याला खोलीतील हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी अधिक तापेल हे त्याचे काम आणि पंख्याची गती यांवर अवलंबून असते. पाया मात्र हवेच्या तापमानाचाच असतो. २५ अंशांच्या खोलीत जे काम करताना प्रोसेसर ८५ अंशांवर स्थिर राहतो, तेच काम, तीच गती ठेवली तर ४३ अंशांच्या खोलीत १०३ अंशांची मागणी करते. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला मंद करतात. म्हणजे डिसेंबरात शांतपणे चालणारे यंत्र मे महिन्यात एकाच वेळी घोंघावते आणि रेंगाळते, यात त्याचा काही बिघाड नसतो. या दिवसांत पंख्याची गती सॉफ्टवेअरने खाली ओढणे म्हणजे उरलेला वेगही गमावणे होय. शांतता हवीच असेल तर प्रोसेसरची कमाल मर्यादा खाली आणणे हा अधिक समंजस मार्ग ठरतो, कारण गुण भरण्यास किंवा अहवाल टंकण्यास पूर्ण वेगाची गरज नसते.

विदर्भातील कूलर येथे सॉफ्टवेअरपेक्षा अधिक काम करतो. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचे ओल्या फुग्याचे तापमान २३ अंशांच्या जवळपास येते. चांगल्या भिजलेल्या ताट्यांतून येणारी हवा कागदोपत्री तरी २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. ती मिळाली की लॅपटॉप पुन्हा माहितीपत्रकातील जगात येतो. वाळ्याच्या ताटीचेच तत्त्व हे, फक्त पाणी शिंपडणाऱ्याच्या जागी पंप आला. वीज गेली की मात्र चमत्कारिक स्थिती होते. कूलर थांबतो, खोली तापते आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो; बॅटरीचे आयुष्य तर उष्णतेनेच सर्वाधिक घटते. २००० च्या दशकातील भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने ही स्थिती तासन् तास अनुभवली.

कापसाच्या मुलखाची आणखी एक बाजू आहे. रुईचे तंतू आणि धूळ पंख्यातून आत जातात आणि पत्र्यांच्या कंगव्यावर अडकून नमद्यासारखा थर धरतात. तापमान मोजणारा संवेदक हा थर पाहू शकत नाही. त्याला केवळ वाढलेली उष्णता कळते आणि त्यावर त्याच्यापाशी एकच उत्तर असते, ते म्हणजे अधिक गती. थर जितका जाड, तितका आवाज मोठा. म्हणून वर्षभरात हळूहळू वाढलेला आवाज ही यंत्राने दिलेली सूचना असते, आणि सॉफ्टवेअरने तो आवाज दाबला तर सूचना दबते, थर तसाच राहतो. कापसाचा हंगाम मार्चपर्यंत ओसरतो आणि उन्हाळी परीक्षा त्यानंतर येतात. पत्र्यांची सफाई करून घेण्यास मधले आठवडे सोयीचे असतात. महाविद्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत यंत्राच्या खरेदीचा दिनांक, किंमत आणि क्रमांक यांना रकाने असतात; त्यांच्या शेजारी सफाईच्या दिनांकासाठी आणखी एक रकाना आखण्यास पट्टी आणि पेन पुरेसे आहे.